सुट्टीत कोणते पुस्तक वाचावे, आणि ते कोणी ठरवावे?

दहावीचा शेवटचा पेपर झाला की पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आमच्या पुस्तकांच्या कपाटापाशी थोडी गर्दी होते. हॉलच्या कोपऱ्यातले, एका दाराची कडी नीट न लागणारे हे कपाट आपल्या धर्मग्रामातील पुष्कळांना ठाऊक आहे. पुष्कळांना ठाऊक नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे. आम्ही चार-पाच जण ते सांभाळतो. वही ठेवतो, पुस्तकांना कव्हरे घालतो, पावसाळ्याआधी ती उन्हात पसरतो. वर्षभर फारसे कोणी फिरकत नाही, पण एप्रिल-मे महिन्यांत मुले येतात, त्यांच्या आया येतात, क्वचित एखादे निवृत्त गृहस्थ येतात आणि सगळे एकच मागणे मागतात, "सुट्टीत वाचायला काहीतरी चांगले द्या."

बरीच वर्षे आम्ही या मागण्याला न अडखळता उत्तर देत आलो. लहानांना 'श्यामची आई' किंवा 'फास्टर फेणे', मोठ्यांना संतांची चरित्रे, आजी-आजोबांना प्रार्थनेची पुस्तके. 'चांगले' म्हणजे काय, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. तो पडला दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात.

दहावी संपलेला एक मुलगा दया पवार यांचे 'बलुतं' घेऊन गेला होता. वहीत नाव लिहिताना आमच्यापैकी एकाने "जरा जड आहे हं" एवढेच म्हटले होते. आठवड्याभरात त्याची आई ते पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून परत घेऊन आली. मिस्सा नुकताच संपला होता, हॉलमध्ये माणसे होती. ताई हळू आवाजातच बोलल्या, पण त्यांचा आवाज थरथरत होता. "त्यात काय काय शिव्या आहेत, कसल्या कसल्या वस्त्यांची वर्णने आहेत, तुम्ही वाचलीत का? चर्चच्या कपाटात असली पुस्तके? फादरांना माहीत आहे का?" आम्ही माफी मागितली. त्या गेल्यावर आम्ही आपसांत दोन मिनिटेसुद्धा बोललो नाही. पुस्तक खालच्या खणात ठेवले आणि खणाला कुलूप लावले.

त्या दिवशी घरी जाताना आमच्या मनाला बरे वाटत नव्हते. पुस्तक दिले यात आमचे चुकले, की कुलूप लावले यात?

आईची बाजू खोटी नव्हती, हे आधी सांगितले पाहिजे. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात काय पडते याची काळजी आईने नाही करायची तर कोणी? आपल्या ख्रिस्तसभेनेही ती काळजी फार जुन्या काळापासून केली आहे. अविलाची संत तेरेजा आपल्या आत्मचरित्रात सांगते की तिच्या आईला शूर सरदारांच्या प्रेमकथा वाचायचा नाद होता, तो तिलाही लागला, आणि वडिलांना कळू नये म्हणून त्या दोघी जपत असत. त्या वाचनाने आपले मन देवाच्या ओढीपासून थंडावले असे तिने स्वतःच पुढे लिहून ठेवले. म्हणजे वाईट परिणाम होतच नाही असे म्हणता येत नाही. पण त्याच तेरेजाच्या आयुष्यात दुसरीही गोष्ट घडली. १५५९ साली स्पेनमध्ये धर्मन्यायालयाने बंदी घातलेल्या पुस्तकांची यादी काढली. त्यात स्पॅनिश भाषेतील प्रार्थनेची आणि आध्यात्मिक पुस्तकेही गेली, आणि लॅटिन न येणाऱ्या या जोगिणीच्या हातातली आवडती पुस्तके नाहीशी झाली. त्याचे तिला फार दुःख झाले. एकाच बाईने दोन्ही भोगले. नको ते हातात पडल्याचा पश्चात्ताप, आणि हवे ते हातातून काढून घेतल्याचे दुःख.

त्याच १५५९ साली रोममध्ये पोप पौल चौथे यांनीही निषिद्ध पुस्तकांची यादी प्रसिद्ध केली. ही यादी पुढे वाढत, बदलत चारशे वर्षे चालली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६६ साली, तिचे बंधन उठले. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना तो काळ आठवत असेल. ही यादी निव्वळ अडाणीपणा होती असे आम्ही म्हणणार नाही. श्रद्धा जपण्याची कळकळ तिच्यामागे होती. पण तिने काय काय झाकले हे पाहिले की मान खाली जाते. व्हिक्टर ह्यूगो यांची 'ले मिझराब्ल' ही कादंबरी १८६४ साली तिच्यात गेली. चांदीची भांडी चोरून नेणाऱ्या कैद्याला शिपाई पकडून आणतात आणि बिशप म्हणतात, अरे, मेणबत्त्यांच्या समया विसरलास, त्याही मी तुला दिल्या होत्या ना? क्षमेवरचे यापेक्षा बोलके प्रवचन आम्ही तरी ऐकलेले नाही. आणि ते कुलपात होते! आमचा खालचा खण आणि ती यादी यांत फरक एवढाच की आमच्या खणाला हॉलच्या जुन्या कुलपाची किल्ली लागत होती.

मग कोणते द्यावे आणि कोणते न द्यावे? मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या आमच्यातल्या एका बाईंनी संत इग्नेशियस लोयोला यांची गोष्ट काढली. ती आपण सर्वांनी ऐकली आहे, पण सुट्टीतल्या वाचनाच्या बाजूने तिच्याकडे आम्ही कधी पाहिले नव्हते.

२० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यात लढताना तोफेच्या गोळ्याने इग्नेशियस यांचा पाय मोडला. तिशीतला सरदार, मान-मरातबाची हाव असलेला. त्यांना लोयोलाच्या वाड्यात आणून ठेवले. हाड वेडेवाकडे जुळले, पुन्हा मोडून बसवावे लागले, महिनोन्‌महिने अंथरुणात. ही काही कोणी मागितलेली सुट्टी नव्हती, पण रिकामा वेळ मात्र होता. त्यांनी सरदारांच्या पराक्रमाच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात त्या नव्हत्या. होती ती दोनच पुस्तके, सॅक्सनीच्या लुडॉल्फ यांनी लिहिलेले ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांच्या चरित्रांचा एक संग्रह. नाइलाजाने ती वाचायला घेतली. पुढे त्यातले उतारे त्यांनी एका वहीत सुंदर अक्षरांत उतरवून काढले, प्रभू येशूची वचने तांबड्या शाईने आणि पवित्र मरियेची निळ्या शाईने.

पण खरी मौज पुढे आहे. वाचून झाले की ते पडल्या पडल्या मनोराज्य करीत. कधी एका थोर घराण्यातील स्त्रीसाठी आपण काय काय पराक्रम करू याचे, तर कधी संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांनी केले ते आपण केले तर, याचे. दोन्ही मनोराज्यांत तासन्‌तास जात. दोन्ही तितकीच गोड वाटत. फरक नंतर कळे. पहिले संपले की मन कोरडे, असमाधानी राही. दुसरे संपले तरी आनंद मागे उरे. हे त्यांच्या लगेच ध्यानात आले नाही. एके दिवशी डोळे उघडले, आणि आत्म्याची पारख करण्याचा जो मार्ग त्यांनी पुढे जगाला दिला त्याची सुरुवात तिथे झाली.

आम्हाला यातून एक गोष्ट उमगली. पुस्तक वाचताना गोडी लागते की नाही, एवढ्यावरून काही कळत नाही. मिटल्यावर काय उरते ते पाहावे लागते. आणि दुसरी गोष्ट जराशी अवघड आहे. इग्नेशियस यांच्यापाशी फक्त संतचरित्रेच असती, आणि कादंबऱ्यांनी भरलेले पहिले आयुष्य नसते, तर हा फरक त्यांना कळला असता का? दोन चवी जिभेवर आल्याशिवाय पारख येत नाही. ज्या मुलाला आम्ही सदैव एकाच चवीचे वाढले त्याने पारख कशाच्या जोरावर करावी? चौथ्या शतकात संत बासिल यांनी ख्रिस्ती तरुणांना ग्रीक लोकांचे साहित्य कसे वाचावे हे सांगताना मधमाशीचा दाखला दिला आहे. मधमाशी सगळ्याच फुलांवर बसत नाही, आणि बसली तरी अख्खे फूल उचलून नेत नाही. दाखला जुना आहे, सगळ्यांना पटतो. पण बागेला कुंपण घालून मधमाशीला एकाच झाडावर बसवण्याची कल्पना त्यांनी मांडली नाही, याकडे आमचे लक्ष उशिरा गेले.

संत पौलाचेच पाहा ना. अथेन्स शहरात तो उभा राहिला तेव्हा त्याने तिथल्या लोकांना त्यांच्याच कवींच्या ओळी ऐकवल्या. त्या त्याने कधीतरी वाचल्या असल्या पाहिजेत, त्याशिवाय ऐन वेळी ओठांवर येत नाहीत. आणि तिमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी तो तुरुंगातून निरोप देतो की त्रोवसला राहिलेला माझा झगा घेऊन ये, आणि पुस्तकेही, विशेषतः चर्मपत्रे. मरण समोर दिसत असताना माणूस थंडीचा झगा आणि पुस्तके मागतो! कोणती पुस्तके, हे पवित्र शास्त्राने सांगितलेले नाही.

हे सगळे आम्ही बोलत होतो तरी खणाचे कुलूप तसेच होते, हे कबूल केले पाहिजे. चर्चा करणे सोपे असते.

जून महिन्यात शाळा-कॉलेजे उघडायच्या सुमारास तो मुलगा दुसरे एक पुस्तक परत करायला आला. आमच्यापैकी एकीने सहज विचारले, "ते पुस्तक किती वाचले होतेस रे?"

"निम्म्याच्या वर."

"मग? नाही आवडले?"

तो खांदे उडवून गप्प राहिला. मग म्हणाला, "मी घरी शिव्यांचे काही बोललोच नव्हतो. मी फक्त एवढेच विचारले होते, की वाडीत खुडणीला येणाऱ्या मावशीचा कप वेगळा का?"

आमच्या भागात कप म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. मागच्या पडवीच्या खिडकीत ठेवलेला, कान तुटलेला कप. डोंगरपट्टीतून कामाला येणाऱ्या आदिवासी बाया तो आपणच उचलतात, चहा झाला की आपणच विसळतात आणि पुन्हा तिथेच ठेवतात. कोणी त्यांना तसे सांगितलेले नसते. कोणी त्यांना तसे न करायलाही सांगितलेले नसते.

१९७८ साली आलेल्या 'बलुतं'मध्ये दया पवार यांनी गावकुसाबाहेरचा महारवाडा आणि मुंबईतला कावाखाना यांतले आपले बालपण सांगितले आहे. त्यात शिव्या आहेत हे खरे. त्या जगण्यात होत्या म्हणून पुस्तकात आल्या. पण त्या मुलाला जे बोचले ते शिव्यांमुळे नव्हते. तो पुस्तकातून मान वर करून आपल्या घराच्या खिडकीकडे पाहायला लागला होता. आम्ही जिला चारित्र्याची काळजी समजलो, ती काही अंशी या प्रश्नाची भीती असावी. ताईंना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्या दिवशी घरी गेल्यावर आमच्यातल्या दोघींना आपापल्या मागच्या खिडकीत तसाच कप सापडला. इतकी वर्षे तो तिथे होता आणि दिसला नव्हता.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आमच्या मनाला फार लागली. लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' आमच्या कपाटातले सर्वांत जास्त वेळा बाहेर गेलेले पुस्तक आहे. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला. रेव्हरंड टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई त्यानंतर पाच वर्षांनी. मधल्या काळातली त्यांची ओढाताण, रागवारागवी, नवऱ्याच्या घरी राहायला आल्यावरही सोवळे जपण्याची धडपड, आणि विचार करता करता जातीचा तो ताठा कसा गळून पडला ही हकिगत, त्यांनी इतक्या हसत-खेळत लिहिली आहे की वाचताना डोळ्यांत पाणी येते ते हसण्याचे की रडण्याचे हे कळत नाही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने लिहिलेले हे पुस्तक मराठीतल्या अव्वल आत्मचरित्रांत गणले जाते. आमच्या माणसांनी ते वाचले, घरोघरी त्यातले प्रसंग सांगून हसली. एकानेही ते वर्तमानपत्रात गुंडाळून परत आणले नाही. विषय तर तोच आहे, कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही. पण तिथे सोवळे दुसऱ्याचे होते. दुसऱ्याच्या सोवळ्याला हसताना आपल्याला आपण ख्रिस्ती असल्याचा थोडा अभिमानही वाटत होता. 'बलुतं' वाचताना ती सोय राहत नाही.

संत ऑगस्टिन यांनी आपल्या 'कबुलीजबाबा'त स्वतःवर एक आरोप ठेवला आहे. लहानपणी शाळेत शिकताना ते डिडो राणीच्या मरणाची कथा वाचून रडत, पण देवापासून दूर जाऊन आपण स्वतः मरत आहोत याबद्दल त्यांच्या डोळ्यांतून एक थेंब आला नाही. वाचनाचा हा खरा धोका आहे असे आम्हाला वाटते, आणि तो शिव्यांच्या पुस्तकापेक्षा गोड पुस्तकात जास्त असतो. पुस्तकातल्या गरिबासाठी रडून झाले की दारातल्या गरिबाचे देणे फिटल्यासारखे वाटते. अर्थात याच ऑगस्टिन यांना अठरा-एकोणीस वर्षांचे असताना सिसेरो या ख्रिस्ती नसलेल्या लेखकाच्या पुस्तकाने ज्ञानाची तहान लावली, हेही त्यांनीच उपकार मानून सांगितले आहे. तेव्हा पुस्तक कोणाचे, यापेक्षा ते वाचून माणूस कुठे बघायला लागतो हे आम्ही आता जास्त बघतो.

प्रवासात वाचलेल्या पुस्तकाने किती उलथापालथ होऊ शकते याचे आपल्या देशातले उदाहरण गांधीजींचे आहे. १९०४ साली जोहान्सबर्गहून डरबनला जाणाऱ्या गाडीत बसताना त्यांचे मित्र हेन्री पोलाक यांनी त्यांच्या हातात रस्किन या इंग्रज लेखकाचे एक छोटे पुस्तक ठेवले. प्रवास चोवीस तासांचा. गांधीजींना ते खाली ठेवता आले नाही, रात्री झोप आली नाही, आणि त्यातल्या विचारांप्रमाणे जगायचे त्यांनी ठरवले. त्याच वर्षी डरबनजवळ फिनिक्स येथे त्यांनी वसाहत उभी केली. तिथे हाताने काम करणारे आणि डोक्याने काम करणारे यांना सारखेच वेतन ठरले. पुढे १९०८ साली त्यांनी या पुस्तकाचा सार 'सर्वोदय' नावाने गुजरातीत लिहिला. या इंग्रजी पुस्तकाचे नाव कुठून आले ठाऊक आहे? मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यातून. संध्याकाळी शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही मालक दिवसभर राबलेल्याइतकेच वेतन देतो, तो दाखला. आपण तो दर तीन वर्षांनी रविवारच्या मिस्सात ऐकतो आणि मालकाचा हिशेब आपल्याला थोडासा खटकतो. एका हिंदू वकिलाने तो एका यहुदी घराण्यातल्या मित्राने दिलेल्या पुस्तकातून आगगाडीत वाचला आणि आपले घरदार बदलून टाकले. आम्ही वाड्यांत मजूर लावणारी माणसे. आम्हाला तो दाखला पाठ आहे.

पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ रोजी, म्हणजे आपल्या मृत्यूच्या नऊ महिने आधी, साहित्यवाचनाविषयी एक पत्र लिहिले. सुरुवातीला ते धर्मगुरूंच्या प्रशिक्षणापुरते लिहायचे होते, पण मग सर्व ख्रिस्ती लोकांसाठी झाले. त्याच्या पहिल्याच परिच्छेदांत सुट्टी आहे. उन्हाळा, सुट्टीचा कंटाळा, सामसूम झालेली वस्ती, आणि अशा वेळी हाती लागलेले एखादे चांगले पुस्तक. पुढे ते आपली एक आठवण सांगतात. १९६४-६५ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते अर्जेंटिनातील सांता फे येथे येशूसंघाच्या शाळेत साहित्य शिकवीत होते. अभ्यासक्रमात 'एल सिद' हे स्पेनचे जुने वीरकाव्य होते. मुलांना मात्र गार्सिया लोर्का हा नव्या काळातला कवी हवा होता. तरुण शिक्षकाने तोडगा काढला. 'एल सिद' घरी वाचा, वर्गात आपण तुम्हाला आवडतात त्या लेखकांवर बोलू. त्याच वाटेने मुलांना पुढे जुन्याचीही गोडी लागली. कर्तव्य म्हणून, कोणी सांगितले म्हणून वाचणे फारसे उपयोगी पडत नाही असे त्यांचे म्हणणे होते. आमची तयार यादी आम्हाला तेव्हा आठवली. ती आम्ही आता कपाटाच्या दारावरून काढली आहे.

यादी काढली म्हणजे वाट्टेल ते द्यायचे, असे नाही. ते दुसऱ्या टोकाला जाणे झाले. आमच्या अडचणीवर उजेड पडला तो प्रेषितांच्या कृत्यांतल्या आठव्या अध्यायातून. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार यरुशलेमहून रथात बसून परत चालला आहे आणि वाटेत यशयाचे पुस्तक वाचतो आहे. फिलिप धावत जाऊन विचारतो, जे वाचतोस ते कळते का? तो म्हणतो, कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे कळेल? आणि तो फिलिपला रथात शेजारी बसवून घेतो. फिलिपने गुंडाळी त्याच्या हातून काढून घेतली नाही. हे तुला झेपणार नाही, सोपे काहीतरी देतो, असेही म्हटले नाही. तो शेजारी बसला, आणि तो माणूस ज्या ओळीवर होता तिथपासूनच बोलायला सुरुवात केली. 'बलुतं' देताना आम्ही "जरा जड आहे" म्हणून वहीत नाव लिहिले आणि पुढच्या माणसाकडे वळलो होतो. चूक असेल तर ती तिथे होती. देणारा शेजारी बसायला तयार नसेल तर त्याने जड पुस्तक देऊ नये, आणि घेणारी आई शेजारी बसायला तयार असेल तर तिला कुलपाची गरज पडू नये.

मागच्या वर्षीपासून आम्ही खण उघडला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला असे पुस्तक देताना घरातल्या एका मोठ्या माणसानेही ते वाचावे अशी विनंती आम्ही करतो. काही जण हसतात. काही जण म्हणतात, "आम्हाला कुठे वेळ?" विरारची लोकल, ऑफिस, वाडी, मे महिन्यातली लग्ने, खरेच वेळ नसतो. एका वडिलांनी मात्र मुलीबरोबर बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' वाचले आणि परत करताना एकच वाक्य बोलले, "आमच्या आजीच्या तोंडी असलेल्या काही म्हणी मी आता मुलांसमोर बोलणार नाही."

पण सुट्टी ही सुट्टी आहे. सगळ्यांनी सगळा वेळ असा मन कुरतडणारी पुस्तके वाचत बसावे असे आम्ही म्हणत नाही. प्रेषित दमून परतले तेव्हा प्रभूने त्यांना कामाला जुंपले नाही, एकांतात थोडा विसावा घ्या म्हटले. हसवणारे वाचा. मुलांना 'तोत्तोचान' द्या. जुन्या आगगाडीच्या डब्यांत भरणारी जपानमधली ती शाळा वाचून एका मुलाने आम्हाला विचारले होते, आपल्या स्टेशनातले जुने डबे कुठे जातात? वाडीत रमणाऱ्या गृहस्थांना आम्ही वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' देतो. गुलामीत जन्मलेला, बायबल वाचून दिवस सुरू करणारा हा शास्त्रज्ञ कापसाने खंगलेल्या जमिनीत भुईमूग लावायला सांगतो, तिथे आमच्या केळी-फुलवाल्यांचे डोळे चमकतात. मारुती चितमपल्ली यांची जंगलावरची पुस्तके घेऊन गेलेल्या एका आजोबांनी ती परत करायला दोन महिने लावले, आणि आम्हीही तगादा लावला नाही.

प्रवासाला जाणाऱ्यांसाठी आमची एक लाडकी शिफारस आहे, गोडसे भटजींचे 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसई गावचा हा गरीब भिक्षुक १८५७ साली उत्तरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळणार, कर्ज फिटणार म्हणून निघाला आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो आत होता. मिळवलेले पुनःपुन्हा लुटले गेले. परत आला तो गंगेची कावड घेऊन. त्याचे सोवळे-ओवळे, त्याचे ग्रह, आम्हाला जागोजागी खटकतात, आणि तरी त्या माणसावर जीव जडतो. आपल्याहून अगदी वेगळ्या श्रद्धेच्या माणसाबरोबर दोनशे पाने चालणे ही सुट्टीतली फार चांगली सहल आहे. (ज्यांना खरीच सहल करायची आहे त्यांनी महाबळेश्वर-पाचगणीला जाताना भिलारला थांबावे. स्ट्रॉबेरीच्या या गावात २०१७ सालापासून घराघरांत पुस्तके मांडून ठेवली आहेत, कोणीही बसून वाचावीत.)

आणि आपल्याच घरातला एक ठेवा. येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडहून गोव्यात आले आणि त्यांनी मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचले. १६१६ साली ते रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या. ते घेऊन जाणारे फार थोडे आणि संपवणारे त्याहून थोडे, आम्हीही त्यात आलो. पण एक परका माणूस आपल्या भाषेत इतका मुरला, तिच्यातल्या पुराणांचा बाज त्याने शिकून घेतला, हे निदान ओट्यावर बसून मोठ्याने चार ओव्या वाचल्याशिवाय कळत नाही. त्यांनीही आधी इथल्या लोकांचे काहीतरी वाचले-ऐकले असेलच ना?

ताईंविषयी सांगायचे राहिले. त्यांना विचारूनच हे लिहीत आहोत. खण उघडल्यावर आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो. कुलूप लावताना तुमच्याशी बोललो नाही आणि उघडतानाही तुम्हाला न सांगता उघडले असे व्हायला नको, असे म्हटले. त्यांनी चहा केला. 'बलुतं' मी वाचणार नाही, त्या म्हणाल्या, शिव्या मला सहन होत नाहीत. बराच वेळ मुलाच्या अॅडमिशनचे, केळीच्या भावाचे बोलणे झाले. निघताना त्यांनी विचारले, "ते टिळकबाईंचे आहे का शिल्लक? लोक सांगतात ते हसायला येते म्हणून." पुढच्या रविवारी त्या स्वतः येऊन घेऊन गेल्या. वहीत त्यांच्या नावापुढे तारीख आहे, परतीची खूण अजून नाही. मुलगा सांगतो, आई रात्री वाचते, कधी कधी मधेच थांबते.

कपाट रविवारी दोन्ही सकाळच्या मिस्सांनंतर अर्धा तास उघडे असते. वर्गणी नाही. कडी नीट लागत नाही, तेव्हा दार जरा जपून ओढावे.